ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांचे ६०० जीबी तीस वर्षं कुठे ठेवावेत? कोल्ड स्टोरेजबद्दल सल्ला हवा

कोयनाकाठ
रविवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९८३ ते १९९६ या काळात जिथे जिथे बदली झाली तिथल्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या, फुगडीची गाणी, शेतातली भलरी असं सगळं टेपरेकॉर्डरवर घेतलं. एकूण १४० कॅसेटी. त्यांतल्या दोन माझ्या आजीच्या आवाजातल्या. गाणाऱ्या बहुतेक जणी आता हयात नाहीत. वडीलही नाहीत.

गेले दोन हिवाळे बसून मी सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. तासाला साधारण २ जीबी लागतात, १६० तासांचे ३३० जीबी झाले. वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह स्कॅन केल्या, त्यांचे १६०. वह्यांचे स्कॅन आणि घरचे फोटो-व्हिडिओ धरून आकडा ६०० जीबीवर गेलाय. फायली ३० हजारांच्या आसपास.

हे सगळं दोन पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात. गेल्या महिन्यात त्यांतली एक टकटक आवाज करायला लागली. कॅसेटी पुन्हा उतरवून घेऊ म्हणावं तर तशी स्थिती नाही. काहींच्या फितीवरचा थर सुटायला लागलाय, चार कॅसेटी एकदाच वाजल्या आणि नंतर फीत तुटली.

म्हणून क्लाउडवरचं कोल्ड स्टोरेज, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या फायलींचा स्वस्त साठा, बघतोय: ॲमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह, गुगलचं आर्काइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरचं आर्काइव्ह. टीबीला (हजार जीबीला) महिन्याला एक डॉलरच्या आसपास भाव दिसतोय. मला तीस वर्षांचा विचार करायचाय, म्हणजे माझ्यामागे माझी भाची हे उघडेल असा. ठेवलंय असं सांगणारे पुष्कळ भेटले. ठेवलेलं परत काढून पाहिलंय असं कुणी आहे का इथे?


सर्व्हररूम
रविवार, रात्री ११:१०

नोकरीत हेच काम आहे, त्यामुळे काढून पाहिलंय, अनेकदा. शेवटचा प्रश्न अगदी योग्य विचारलात.

भाव इतका कमी असतो कारण तुम्ही कंपनीला दोन मुभा देता. फाइल लगेच न देण्याची, आणि मुदतीआधी पुसली तरी पूर्ण मुदतीचं भाडं घेण्याची. डीप आर्काइव्ह मार्च २०१९ मध्ये आलं. त्याची किमान मुदत १८० दिवस. साधी मागणी केली तर फाइल १२ तासांत तयार होते, स्वस्तातली बल्क मागणी केली तर ४८ तासांत. ॲझ्युरचीही मुदत १८० दिवस, तिथे १५ तासांपर्यंत थांबावं लागतं. गुगलच्या आर्काइव्हमधून फाइल क्षणात मिळते, पण मुदत ३६५ दिवसांची आणि काढण्याचा दर जबर.

आता तुमच्या ६०० जीबीचा हिशोब. दर अमेरिकेतल्या केंद्रांचे घेतलेत, डॉलर ८५ रुपये धरलाय, १८ टक्के जीएसटी वेगळा.

डीप आर्काइव्हमध्ये ठेवायला जीबीला महिन्याला ०.०००९९ डॉलर. तुमचे महिन्याला साठ सेंट, म्हणजे ५० रुपये. वर्षाचे ६००. उद्या सगळंच परत हवं झालं तर दोन खर्च येतात. गोठलेला साठा बाहेर काढायचा, तो बल्कने फक्त दीड डॉलर. आणि तो इंटरनेटवरून घरी उतरवायचा, तिथे जीबीला ९ सेंट. दर महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट असतात, उरलेल्या ५०० चे ४५ डॉलर. एकूण ४ हजार रुपयांच्या आसपास. सात वर्षांच्या भाड्याइतका खर्च एका उतरवण्याला. हे न बघता लोक साठवतात आणि गरज पडते त्या दिवशी हबकतात.

गुगलकडे ठेवायला महिन्याला ७२ सेंट. काढायला जीबीला ५ सेंट आणि उतरवायला १२. म्हणजे ६०० जीबीचे १०२ डॉलर, साडेआठ हजारांच्या वर.

घाई नसेल तर ॲमेझॉनमधून महिन्याला १००-१०० जीबी उतरवा. सहा महिने लागतील, पण उतरवण्याचा खर्च शून्य.

आणखी एक. ३० हजार सुट्या फायली चढवू नका. प्रत्येक फायलीमागे ४० केबी जादा धरली जाते, चढवण्याचे दर हजारी ५ सेंट पडतात. तुमच्या बाबतीत ही रक्कम किरकोळ आहे. त्रास होतो तो परत मागताना, कारण मागणीही फायलीगणिक करावी लागते. गावागणिक एकेक टार, म्हणजे अनेक फायलींचं एकच गाठोडं, बांधा, दहा-पंधरा जीबीचं.


बेदाणा
सोमवार, सकाळी ७:३१

आमचा माल तासगावच्या शीतगृहात असतो, त्यामुळे वरचा हिशोब वाचून ओळखीचं वाटलं. भाडं परवडतं, पण माल कधीही जाऊन उचलता येत नाही. गाडी, हमाली, वेळ सगळं आधी ठरवावं लागतं. आणि पावती लागते. पावतीवर लॉट नंबर असतो. ती हरवली तर माल आत आहे हे ठाऊक असूनही आपला लॉट शोधण्यात दिवस जातो.

कोयनाकाठ, कोणत्या टारमध्ये कोणतं गाव, कोण गातंय, काय गातंय, ही यादी तुमची पावती आहे. ती शीतगृहाच्या आत ठेवू नका. घरी, मेलमध्ये, कागदावर, तीन ठिकाणी ठेवा.


हडसनकाठ
सोमवार, सकाळी ८:१५

मी न्यू जर्सीत असतो. घरचा साठा बॅकब्लेझ कंपनीच्या बीटू या क्लाउड सेवेवर ठेवलाय. टीबीला महिन्याला ६ डॉलर, आणि जितकं ठेवलंय त्याच्या तिप्पटीपर्यंत उतरवणं फुकट. बारा तास थांबणं नाही, बल्क-बिल्क नाही. साध्या माणसाला तीस वर्षांनी कळेल असं काहीतरी हवं असेल तर गुंतागुंत कमी ठेवलेली बरी. भाचीने लॉगिन केलं की फाइल समोर दिसली पाहिजे.


सर्व्हररूम
सोमवार, दुपारी १:०४

हडसनकाठ, मुद्दा पटला. आकडे मात्र दोन्ही बाजूंनी बघू. ६०० जीबीचे बीटूवर वर्षाला ४३ डॉलर, दहा वर्षांचे ४३२. डीप आर्काइव्हचे दहा वर्षांचे ७१, अधिक शेवटी एकदा सगळं उतरवायचे साडेसेहेचाळीस, मिळून ११८. म्हणजे फरक मोठा आहे. पण दरवर्षी एकदा सगळं उतरवून तपासणार असाल तर डीप आर्काइव्हचे वर्षाला ५४ होतात आणि बीटू ४३ मध्येच बसतं. तेव्हा किती वेळा उघडणार हे आधी ठरवा, मग जागा निवडा. घरी चालती डिस्क असेल आणि क्लाउड फक्त घर गेलं तर लागणार असेल, तरच डीप आर्काइव्ह घ्या.


वाशिष्ठी
सोमवार, रात्री ९:४०

"घर गेलं तर" वाचलं म्हणून लिहिते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं. आमच्याही दोन डिस्क होत्या, एक टीव्हीखाली आणि एक आतल्या खोलीतल्या कपाटात. आम्हाला वाटायचं दोन प्रती आहेत. पाण्याच्या दृष्टीने ती एकच प्रत होती.

आल्बम चिखलात गेले. त्यांतले थोडे फोटो धुऊन, दोरीवर वाळत घालून वाचले. डिस्कमधलं काहीच वाचलं नाही. आज आमच्याकडे यांच्या वडिलांचे जे सात-आठ फोटो आहेत ते नागपूरच्या दिरांना कधीतरी मेलने पाठवले होते म्हणून आहेत.

कोयनाकाठ दादा, क्लाउडचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. टकटक न करणाऱ्या डिस्कची एक प्रत या आठवड्यात काढा आणि दुसऱ्या गावी पाठवा.


कोयनाकाठ
सोमवार, रात्री १०:०५

ताई, नवी डिस्क आत्ताच मागवली. प्रत झाली की बहिणीकडे नाशिकला पाठवतो.


निळीशाई
मंगळवार, सकाळी ११:२०

मला बिलाबद्दल लिहायचंय, कारण हे कुणी सांगत नाही.

माझा साठा एका परदेशी कंपनीकडे होता. नाव घेत नाही. बिल कार्डावरून आपोआप कापलं जायचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. माझ्या कार्डाची त्या कंपनीकडे नव्या पद्धतीने नोंद झाली नव्हती. पैसे कापले जाणं थांबलं. सूचनेच्या मेल आल्या, पण त्या ज्या पत्त्यावर आल्या तो मी महिन्यातून एकदाही उघडत नव्हते. आधी खातं गोठवलं, मग साठा पुसला. त्यात आईच्या शेवटच्या वर्षातले व्हिडिओ होते. महिन्याची रक्कम शंभर रुपयेसुद्धा नव्हती. इतकी लहान रक्कम चुकली हे बँकेच्या खात्यातही लक्षात येत नाही.

या कंपन्या टिकाऊपणासाठी ९९.९९९९९९९९९ टक्के असा आकडा देतात, अकरा वेळा नऊ. तो आकडा खरा असेल. पण तो डिस्क बिघडण्याबद्दल आहे, बिल थकण्याबद्दल नाही.

म्हणून सांगते: सूचना दोन माणसांच्या मेलवर जाऊ द्या. कार्डाची मुदत संपते तो महिना कॅलेंडरवर लिहा. यूपीआय ऑटोपे चालत असेल तर ते जोडा, आणि दर तिमाहीला खरंच पैसे कापले गेले का ते डोळ्यांनी बघा.


वाशिष्ठी
मंगळवार, सकाळी ११:४८

निळीशाई, वाचून फार वाईट वाटलं.


खिळेजुळणी
मंगळवार, रात्री ८:३०

मी पंचवीस वर्षं दिवाळी अंकांची आणि पुस्तकांची जुळणी केली, सगळी पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. माझ्याकडे ९५ सालापासूनच्या सीड्या आहेत. बऱ्याचशा अजून चालतात. फायली एकही बाइट न बिघडता उतरतात. आणि उघडल्या की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो.

कारण जुने मराठी फॉन्ट, श्रीलिपी म्हणा, आकृती म्हणा, युनिकोड नव्हते, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक नव्हता. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी वळणं बसवलेली असायची. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही कधी वेगळी. नेमका तो फॉन्ट नसेल तर मजकूर गेला. पेजमेकरची ७.० ही २००१ ची आवृत्ती शेवटची. माझ्या अनेक लेखकांचा मजकूर मी जपलाय आणि वाचू शकत नाही, ही बोच रोजची आहे.

तेव्हा कुठे ठेवायचं यावर जितका विचार करताय तितकाच कशात ठेवायचं यावर करा. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फायलीत. वह्यांचे स्कॅन टिफ किंवा पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ). आवाजासाठी वेव्ह उत्तम. फ्लॅक या दाबून लहान केलेल्या प्रकारात केलंत तर आवाजात काहीही न गमावता आकार निम्मा ते साठ टक्के होतो, आणि फ्लॅक फायलीच्या पोटातच आवाजाचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, म्हणजे पुढे कधी फाइल बिघडली तर ती स्वतःच सांगते.


कोयनाकाठ
मंगळवार, रात्री ९:१२

खिळेजुळणी काका, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि फाइल उघडून बघितली. बेदाणा म्हणतात ती पावती, म्हणजे कोणत्या कॅसेटवर कोण गातंय याची यादी, वडिलांच्या वहीवरून मी २००३ साली टाइप केली होती. श्रीलिपीत. आता उघडत नाही. वही आहे, पण तिची शेवटची पानं वाळवीने खाल्लीत.


खिळेजुळणी
मंगळवार, रात्री ९:२०

फाइल पाठवा. व्यनि (खासगी निरोप) केलाय. त्या काळातले फॉन्ट माझ्या जुन्या संगणकावर आहेत, कुठली आवृत्ती होती ते बघून रूपांतर करू. वहीच्या उरलेल्या पानांशी ताडून बघावं लागेल, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हटकून घसरतात.


चकती
बुधवार, दुपारी ४:४४

क्लाउडच कशाला? एम-डिस्क बघा, दीर्घकाळ टिकावी म्हणून बनवलेली चकती. लिहिण्याचा थर सेंद्रिय रंगाचा नसून अजैविक असतो, त्यामुळे साध्या डीव्हीडीसारखा विटत नाही. १०० जीबीची ब्लू-रे मिळते, सहा चकत्यांत तुमचं काम होतं. बिल नाही, पासवर्ड नाही.


सर्व्हररूम
बुधवार, संध्याकाळी ६:१०

जादा प्रत म्हणून एम-डिस्क जरूर घ्या. माझी शंका चकतीबद्दल नाही, ती वाचणाऱ्या यंत्राबद्दल आहे. नव्या लॅपटॉपमध्ये आजच ड्राइव्ह नसतो. टेपचंही तसंच. एलटीओ-९ जातीच्या टेपच्या एका काडतुसात १८ टीबी मावतात, पण ड्राइव्हची किंमत लाखांत जाते. पेनड्राइव्ह आणि एसएसडी तर कपाटात वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी बनलेलेच नाहीत, वीज न मिळता त्यांतला भार हळूहळू गळतो.

प्रोग्रॅमचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटहबने २०२० साली २१ टीबी कोड फिल्मच्या रिळांवर उमटवून नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या खाणीत ठेवला. त्यात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे की माणसाला डोळ्यांनी वाचता येईल असं मार्गदर्शकही त्या रिळांवरच आहे. यंत्र नसलेल्या माणसाला यंत्र कसं बनवायचं इथपासून सांगायची तयारी. आपल्याला तितकं नको, पण पाकिटात मराठीत लिहिलेला एक कागद हवाच.


माळवाट
गुरुवार, रात्री १०:३०

संग्रहालयात काम करते, म्हणून थोडं वेगळं म्हणते.

ओव्या एनक्रिप्ट करू नका, म्हणजे किल्लीशिवाय उघडणार नाहीत अशा कुलूपबंद करू नका. घरचे फोटो, कागदपत्रं करा. किल्ली हरवली तर एनक्रिप्ट केलेला साठा आणि पुसलेला साठा यांत फरक उरत नाही. आणि या ओव्या तुमच्या कुटुंबाच्या एकट्याच्या नाहीत, गाणाऱ्यांच्या नातवंडांचाही त्यांवर हक्क आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी सुरू केलेल्या संग्रहात लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ आज पारी या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर वाचता येतात, काही ऐकताही येतात. गुरुग्रामला एआरसीई आहे, लोकसंगीताची ध्वनिमुद्रणं सांभाळणारं संशोधन केंद्र, १९८२ पासूनचं. अशा ठिकाणी एक प्रत देण्याबद्दल बोलून बघा. संस्थेतला माणूस बदलला तरी काम पुढे चालतं, घरात तसं होत नाही.

मात्र देण्याआधी ऐकून घ्या. ओवीत बाई सासरचा जाच नावानिशी सांगते. शेजारपाजाऱ्यांचं, जातीचं, भांडणाचं येतं. तुमच्या वडिलांवर विश्वास टाकून ती पहाटे गायली होती. जिथे घरचे सापडतील तिथे विचारा. जिथे सापडणार नाहीत ते भाग काही वर्षं बंद ठेवण्याची अट घालता येते.


कोयनाकाठ
गुरुवार, रात्री ११:०२

हा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. मनापासून आभार. दोन कॅसेटी मला लगेच आठवल्या.


कोयनाकाठ
पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:१५

झालं ते सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणी शोधत आलं तर उपयोग होईल.

ओव्या फ्लॅक केल्या, ३३० चे १९० जीबी झाले. एकूण ४६०. गावागणिक ३८ टार बांधले, प्रत्येकाचा एसएचए-२५६ चेकसम काढून यादीत लिहिला. घरचे फोटो-व्हिडिओ आरक्लोन या सॉफ्टवेअरने एनक्रिप्ट केले, ओव्या आणि वह्या खुल्या ठेवल्या. डीप आर्काइव्हच घेतलं, कारण घरी एक डिस्क आहे आणि नाशिकला दुसरी. चढवायला सहा रात्री लागल्या.

मग शनिवारी रात्री नऊला हेळवाकचं टार परत मागितलं, साध्या मागणीने. सकाळी उठून पाहिलं तर तयार होतं. काढलेली प्रत सात दिवस राहू दे असं मी मागणीतच सांगितलं होतं, तेवढ्यात उतरवून घ्यायची. ११ जीबी उतरवले, महिन्याच्या फुकट मर्यादेतच. चेकसम अक्षर न् अक्षर जुळला. आजीची कॅसेट त्याच टारमध्ये आहे. लावली. जात्याची घरघर आधी येते, मग आवाज.

इथवर सगळं सुरळीत झालं होतं. नंतर भाचीला बोलावलं. ती अठरा वर्षांची आहे, संगणकाची सवय आहे. तिला बंद पाकीट दिलं, त्यात मी लिहिलेला मराठी कागद, खात्याची माहिती आणि यादी. म्हटलं, मी घरात नाही असं समज आणि आजीची ओवी काढून दाखव. मी बाहेर जाऊन बसलो.

वीस मिनिटांत ती बाहेर आली. पासवर्ड बरोबर होता. पुढे लॉगिनची दुसरी खूण मागितली, आणि तो सहा आकडी क्रमांक माझ्या मोबाइलमधल्या ॲपमध्येच दिसतो. माझा मोबाइल माझ्या खिशात होता. मी खरोखरच नसतो तर मोबाइलचं कुलूप तिला उघडता आलं नसतं आणि ते ३८ टार तिथेच राहिले असते, बिल थकेपर्यंत.

त्याच दिवशी तिचा फोन त्याच खात्याला दुसरं उपकरण म्हणून जोडला. बिलाच्या सूचना आता तिलाही जातात, बहिणीलाही. गुगल खात्याचं निष्क्रिय खाते व्यवस्थापकही लावून टाकलं, सहा महिने मी फिरकलो नाही तर बहिणीला कळेल. कागद पुन्हा लिहिला, यावेळी ती जिथे जिथे अडली ते शब्द तिलाच लिहायला सांगून. पुढच्या रविवारी तिने पहिल्यापासून सगळं केलं. रात्री मागणी, सकाळी फाइल. मी पाणीही विचारायला आत गेलो नाही.


निळीशाई
रविवार, सकाळी १०:४०

आज दुपारी भावाला बसवून हेच करते.


बेदाणा
रविवार, सकाळी ११:०२

यादी कुठे ठेवली शेवटी?


कोयनाकाठ
रविवार, सकाळी ११:१०

पाकिटात छापील, तिघांच्या मेलमध्ये आणि दोन्ही डिस्कवर. पण अजून पूर्ण नाही, काकांकडे शेवटची तपासणी चालू आहे.


खिळेजुळणी
रविवार, दुपारी १:३०

रूपांतर झालं, वहीच्या पानांशी ताडूनही झालं. १४० पैकी १३७ नोंदी लागल्या. कॅसेट ११२, ११३ आणि १२९ यांत गाणाऱ्या बाईचं नाव वाचता येतं, गावाचं नाव वाळवीने गेलंय आणि फाइलमध्येही ती जागा रिकामीच आहे. तिघींची नावं व्यनिने पाठवतोय. तुमच्या आईंना किंवा वडिलांच्या बरोबरच्या एखाद्या गुरुजींना विचारून बघा, त्यांना आठवेल.